खापरासमोरची जागा

आपल्या उजव्या खुब्यावर धाकट्या जावेने, रूपाने, करणी केली आहे याबद्दल ताईबाईला तिळमात्र शंका नव्हती. आधी लंगडायला लागली ती रूपा. ताईबाईने तिला गावभर ‘नाटकी’ म्हणून बदनाम केलं, आणि वर्ष सरत नाही तोच ताईबाईच्याच जांघेत कळ धरली. रूपानेच आपलं दुखणं इकडे ढकललं, दुसरं काय!

मुलगा योगेंद्र तिला जळगावला हाडांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरने एक्स-रे पाहिला.

“आजी, खुब्याच्या सांध्याची झीज आहे. उतारवयात पुष्कळांना होते. बाहेर बाकावर बसलेल्यांतही दोघी-तिघी याच दुखण्याच्या असतील.”

ताईबाईला संताप आला. तिचा इथे जीव जातोय, आणि हा बाबा तिचं दुखणं बाकावरच्या बायकांत वाटून टाकतोय!

“मना दुश्मन घरमांच शे,” ती म्हणाली. “त्यानावर औषध दे.”

“घरातल्या कुणाचा यात हात नाही. उकिडवं बसणं बंद करा, व्यायाम करा, काठी घ्या. नाहीच भागलं तर ऑपरेशनचं बघू.”

उकिडवं बसणं बंद! नातवाचं लग्न तोंडावर आलेलं, आणि पुरणाचे मांडे भाजायच्या खापरासमोर ताईबाई नाही असं लग्न त्यांच्या गावाने पाहिलं नव्हतं. पुरण भरलेला कणकेचा उंडा दोन्ही हातांवर खेळवत ती धोतरासारखा पातळ करायची आणि तापलेल्या पालथ्या खापरावर असा टाकायची की सुरकुती पडेल तर शपथ. ती जागा सुटली की रूपा टपलेलीच होती. डॉक्टर गेला उडत. काहीही झालेलं नाही, असं तिने घरी येऊन ठोकून दिलं.

लग्नाचे मांडे करायच्या दिवशी ती सकाळी चुलीसमोर बसली. दुपारी उठायला गेली, तर खुब्याने जागच्या जागी धरलं. हात टेकले, पदर दातात धरला, तरी उठवेना. बायका बघायला लागल्या. स्टुलावर बसून उंडे करणारी रूपाही बघत होती.

“इनीच करं हाई!” ताईबाई ओरडली. “रूपानी करनी शे!” डॉक्टरचं बोलणं पक्कं लक्षात होतं, तरी ओरडली.

“मंग मना खुबावर करनी कोनी करी, अक्का?” रूपाने विचारलं.

“मना बी खुबा धरस,” पिठाच्या परातीजवळची म्हातारी म्हणाली.

“माले बी खाले बठता येत नही,” दुसरी म्हणाली. “सारा गावले करनी करस, मंग रूपा सैपाक कव्हय करस?”

चुलीभोवती हशा पिकला. दोघींनी ताईबाईला काखेत धरून उचललं आणि बाजेवर नेऊन टाकलं. रूपाने विटा रचून चूल स्टुलाच्या उंचीला घेतली, स्टूल पुढे ओढलं आणि उंडा हातावर घेतला.

फाटू दे, ताईबाईने देवाला विनवलं. पहिला तरी फाटू दे. मांडा पसरत गेला, खापरावर पडला आणि टम्म फुगला.

रूपाने तोच ताटलीत घालून बाजेवर पाठवला. ताईबाईने सगळ्यांदेखत ताटली भिरकावून दिली. ताटली खणखणत भिंतीपर्यंत गेली. रूपाने दुसरा उंडा उचलला, आणि बाजेकडे कुणी मान वळवून पाहिलंसुद्धा नाही.