अध्यक्षांच्या दारातली चटई

मी एक जुनी चटई आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगते, आज माझा सूर गोड लागणार नाही. मला शिसारी आली आहे!

तशी मी जन्माने खानदानी. आमच्या बेटांवरच्या केवड्याची पानं तोडून, काटे सोलून, खाऱ्या पाण्यात भिजवून सहा बायकांनी मला तीन महिने विणलं. विणताना त्या एकमेकींच्या सुनांविषयी जे काही बोलल्या ते सगळं माझ्यात आहे, पण मी सांगणार नाही. देश स्वतंत्र झाला त्या वर्षी त्यांनी मला पहिल्या अध्यक्षांच्या दाराबाहेर अंथरलं. आमच्याकडे रीतच आहे. यजमानाच्या चटईवर जो बसला, त्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय त्याला उठवायचं नाही. मग तो मंत्री असो, मासेमार असो, नाहीतर अर्धवट डोक्याचा असो.

माझ्या शेजारी बसायच्या तेरेसियाबाई, अध्यक्षांच्या चीफ ऑफ स्टाफ. मोठं विचित्र पद हे! निवडणूक नाही, भाषण नाही, पण अध्यक्षांपुढे कोण जाणार, कुठला कागद आधी जाणार, सगळं यांच्या हातात. बाई प्रत्येकाला म्हणायच्या, "नाव सांग, काम सांग, रडायचं ते आत जाऊन रड." आणि सगळे आत जायचे! त्यांचं खरं काम मात्र पुढेच होतं. जे सांगायला मंत्र्यांची जीभ रेटायची नाही, ते अध्यक्षांना तोंडावर सांगणं. एकदा अध्यक्षांनी लांबलचक काळी गाडी मागवायचं ठरवलं.

"रस्ता सगळा सात मैलांचा," बाई म्हणाल्या. "पुढे काय, समुद्रात घालणार?"

अध्यक्ष दोन दिवस फुगून बसले. गाडी काही आली नाही.

माणसं बसून बसून मी मऊ, गुळगुळीत झाले. "काय सुरेख वीण आहे!" म्हणत कुणीतरी हात फिरवायचं. सुखाचे दिवस होते ते.

मग नवे अध्यक्ष आले आणि त्यांच्याबरोबर इओतेबा नावाचे नवे चीफ. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "आपल्या लोकांना जमिनीवर बसवायचं? शोभतं का हे?" आणि त्यांनी निळा मखमली सोफा मागवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अहो, भोळी माणसं! सोफ्यावर बसलेल्याचं ऐकलंच पाहिजे, अशी रीत कुठे आहे? इओतेबांना हे नेमकं ठाऊक होतं.

मला घड्या घालून डुगडुगणाऱ्या झेरॉक्स मशीनखाली सरकवलं. शी! अंगावर काळी पूड, घडीत झुरळं. पण त्याहून किळस यायची ती कानावर पडणाऱ्या बोलण्याची. बाहेर इओतेबा सांगायचे, "अध्यक्ष मीटिंगमध्ये आहेत." आत अध्यक्ष विचारायचे, "आज कुणीच आलं नाही का रे?"

"नाही साहेब. लोक सुखात आहेत."

आणि अध्यक्षांना ते खरं वाटायचं. तीन वर्षं!

एके दिवशी उत्तरेच्या बेटावरची नर्स तिनिया आली. दवाखान्याची एकुलती एक बोट सरकार एका मासळी कंपनीला वर्षभर देणार होतं. गुरुवारी दुपारी सह्या. तिच्या बेटावर एका बाईचे दिवस भरत आले होते आणि पोटातलं मूल आडवं होतं. बोट गेली की तिला शहरात आणणार कशी? तिनिया चार दिवस त्या सोफ्यावर बसून होती.

"दादा, दोनच मिनिटं."

"ताई, दोन मिनिटांत देश चालत नाही."

"आणि बाळंतपण तुमच्यासाठी थांबत नाही."

"सोफा मऊ आहे ना? मग बसा की."

गुरुवारी सकाळी मशीनखालून डोकावणारा माझा काठ तिला दिसला. "अगं बाई, चटई!" तिने मला खसकन ओढलं. मशीन धाडकन कलंडलं. चपला काढून, मला दारासमोर पसरून ती माझ्यावर बसली.

इओतेबा धावत आले. "ऊठ! कचऱ्यातली आहे ती."

"कचऱ्यातली कशी? दारातली आहे."

तर हे गृहस्थ तिला उठवायला बुटांसकट माझ्यावर चढले, मित्रांनो! बुटांसकट! सोफ्यावरच्या माणसांनी तोंडावर हात नेला. मग एक आजोबा उतरले आणि माझ्यावर येऊन बसले. त्यांच्यामागून सगळेच.

मशीनच्या आवाजाने अध्यक्षांनी दार उघडलं. समोर दाटीवाटीने नऊ माणसं!

"ही सगळी आज आली?"

"मी सोमवारपासून आहे," तिनिया म्हणाली. "हे आजोबा नाताळापासून."

अध्यक्षांनी चपला काढल्या आणि ते खाली बसले. तिने सगळं सांगितलं.

"मला कुणी सांगितलंच नाही," ते पुटपुटले.

"तुम्ही कधी दार उघडून पाहिलंत?"

करार थांबला. बोट त्याच दुपारी उत्तरेला निघाली.

आता तुम्हाला वाटेल, इओतेबांची नोकरी गेली. छे! त्यांच्यावाचून अध्यक्षांना स्वतःचा चष्मा सापडत नाही. आठवड्याने तेच पुढे झाले. "अशी ऐतिहासिक चटई पायदळी ठेवायची? छे छे, तिचा मान राखला पाहिजे!" मग मला धुतलं, चौकटीत ठोकलं, वर काच आणि खाली पितळी पाटी. लोक माझ्यासोबत फोटो काढतात आणि सोफ्यावर जाऊन वाट पाहत बसतात.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं सगळे सांगतात. मी सांगते, अशा जपू नका! या काचेमागे मला धूळ लागत नाही आणि माझा कुणाला काडीचा उपयोगही होत नाही. मला खाली काढा. खिळे चारच आहेत. चपला काढा आणि बसा.