दुपारचा चहा

"हे काय हो?" तिनं कप नवऱ्याच्या नाकासमोर धरला. तळाशी अर्धवट विरघळलेली पांढरी गोळी होती.

नवरा निवृत्त झाल्यापासून दुपारचा चहा तोच करायचा. आपल्या इस्त्रीच्या दुकानात हातात आयता कप मिळतो, म्हणून ती शेजारणींपुढे केवढी मिरवायची!

"डॉक्टरांनी दिलीय," तो म्हणाला. "सांगून तू घेतली नसतीस."

"कशासाठी?"

"तुझ्या त्या... दादासाठी."

ती स्टुलावर बसली. थोरला भाऊ गेल्यावर एका दुपारी कपडे घडी करताना दुकान उजेडानं भरून गेलं होतं आणि दादा पाठीशी येऊन उभा राहिला होता. बोलला नाही, पण तिची जन्माची धास्ती पार पळाली. मग तो अधूनमधून येऊ लागला. हे तिनं जगात एकट्या नवऱ्याला सांगितलं होतं. त्यानं ते डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवलं!

"माझ्या हातून शर्ट जळाला म्हणून गिऱ्हाईक भांडलं, तेव्हा माझ्या डोक्याला वायरी लावून तपासलंत. काही निघालं नाही म्हणालात!"

"निघालं होतं. मेंदूत वीज वाकडी धावते म्हणे, फिटचाच प्रकार. उद्या हात भाजला असता तुझा. काळजीपोटीच केलं गं."

"वीज धावते ते मान्य. पण तेव्हा दादाच का येतो, ते सांगितलं त्यांनी?"

"विचारलं मी. म्हणाले, ते मशिनीत दिसत नाही."

"मग जे कळत नाही तेच पुसून टाकलंत?"

तिनं कप खाली ठेवला.

"तो यायचा थांबला, तेव्हा मी इथंच बसून रडत होते. माझं काय चुकलं म्हणून त्याची माफी मागत होते. आणि तुम्ही पाठीवरून हात फिरवत काय म्हणालात? 'रुसला असेल.' माझ्या दादावर आळ घेतलात हो!"

नवरा कप उचलून विसळायला गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो दारात घुटमळला. "चहा टाकू?"

"घेतला मी. माझा मीच केला."

तो गेल्यावर तिनं इस्त्रीचा प्लग काढला. आता दादा आला तरी कुणाचा शर्ट जळणार नव्हता. पाठीमागे दादासाठी एक स्टूल सरकवून ती भिंतीकडे तोंड करून बसली. इस्त्री हळूहळू गार होत गेली.