बाळंतिणीच्या खोलीची खिडकी

माझी तान्ही चिमणी झोपली आहे तोवर लिहून टाकते. काल जे झालं ते अजून माझ्या डोळ्यांपुढे नाचतंय.

आमच्या सासूबाईंचं 'मोकळी हवा मंडळ' माझ्या नवऱ्याच्याच वयाचं. तो म्हणतो, मंडळ म्हणजे माझी जुळी बहीण, आणि लाड कायम तिचेच झाले. त्याच्या जन्माच्या वेळी सूतिकागृहाच्या खिडक्या खिळे ठोकून बंद केलेल्या होत्या. सासूबाई आणि शेजारच्या खाटेवरची शिंपीण, दोघी पडल्या पडल्या तिथल्या वरिष्ठांच्या इतक्या मागे लागल्या की खिळे निघाले. मंडळ जन्मलं ते तिथेच. पुढे मालिश, कोवळं ऊन, अनवाणी चालणं असं काय काय त्याला येऊन चिकटलं. एकदा तर उत्साहाच्या भरात, वाऱ्याने ताप उतरतो, अशी पत्रकंही वाटून झाली. डॉक्टरमंडळी त्यावरून अजून टोमणे मारतात.

आता नवं सूतिकागृह बांधायचंय, आणि नकाशात उघडणारी खिडकी एकही नाही. सगळी भिस्त यंत्राच्या हवेवर. काल बांधकाम समितीपुढे त्याची सुनावणी होती. नकाशा मंजूर झाला की विषय संपला. मंडळाची सगळी हकीकत मी चिमणीला पाजता पाजता तोंडपाठ केली होती, आणि तिला घेऊनच तिथे गेले होते.

मंडळाचं नाव पुकारलं गेलं. आमची माणसं उठली, डोळे मिटले आणि संथ श्वास घेऊ लागली. हा मंडळाचा शिरस्ता. आधी दीर्घ श्वसन, मग तोंड उघडायचं. शिंपीणमावशी, मालिशवाले काका, सासूबाई, सगळ्यांची अगदी समाधी लागलेली. अध्यक्षांनी जरा वाट पाहिली. मग कारकुनाला म्हणाले, यांचं काही म्हणणं दिसत नाही, पुढचा विषय घ्या.

श्वसनात मध्येच बोलणं आमच्याकडे महापाप. मी सासूबाईंना कोपराने ढोसलं, त्या ढिम्म. कारकुनाने कागद उलटला आणि माझ्या तोंडून निघूनच गेलं, "थांबा, आम्हाला बोलायचंय."

पाठ केलेलं सगळं उडून गेलं. मग मी आपलं माझंच सांगितलं. चिमणीच्या वेळी टाके दुखत होते, रडू आवरत नव्हतं. हात लांबवून खिडकी ढकलली. खालून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं, आणि वाटलं, चला, जग आहे तिथेच आहे. मग डोळा लागला.

समितीतल्या डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "खिडकीने ताप उतरतो, असं अजून म्हणणं आहे का तुमचं?"

आता सासूबाईंनी डोळे उघडले. मंडळाने आजवर शब्द मागे घेतलेला मला ठाऊक नव्हता.

"नाही हो. ते आमचं चुकलं," त्या म्हणाल्या. "ताप तुम्हीच उतरवा. खिडकी तेवढी आमच्या पोरींना उघडू द्या."

डॉक्टरीणबाई खुदकन हसल्या. अध्यक्षांनी इंजिनिअरकडे पाहिलं. तो म्हणाला, जाळी लावून खोलीला एक खिडकी करता येईल की, पण कडी किती उंचीवर हवी?

मी तिथल्या बाकावर सरळ आडवीच झाले. चिमणीला डाव्या कुशीत घेतलं आणि उजवा हात भिंतीकडे लांबवला. इंजिनिअर टेप काढून गुडघ्यावर बसला.

"अजून खाली घे रे बाबा," शिंपीणमावशी त्याच्या डोक्यावर उभ्या राहून म्हणाल्या. "तिला टाके आहेत असं समजून मोज."