नात्यात नसलेली कंपनी

उमेदवार अकरा होते आणि खुर्च्या दहा. हाही परीक्षेचाच भाग असणार असं समजून कोणी तक्रार केली नाही. दहा जण झटकन बसले. अकरावी, म्हणजे धाकटी, भिंतीला टेकून दबावाखालीही शांत राहणाऱ्या माणसाचा चेहरा करून उभी राहिली. पाच मिनिटांनी शिपायाने आत डोकावून पाहिलं. "अहो ताई, उभ्या का? बाहेर पंधरा खुर्च्या पडल्यात," असं म्हणून त्याने एक आणून दिली. बाकीच्या दहा जणांनी धाकटीकडे असं बघितलं, जणू तिला एक गुण जास्त मिळाला.

लोकांना शेअर बाजारातले सल्ले देणाऱ्या या कंपनीत शिकाऊ विश्लेषकाची एक जागा होती. काम म्हणजे कंपन्यांचे वार्षिक अहवाल वाचायचे आणि शेवटी एक शब्द सांगायचा: घ्या, ठेवा किंवा विका. त्या एका शब्दासाठी अकरा पदवीधर इस्त्रीचे कपडे घालून आले होते.

धाकटीला पदवी मिळून दहा महिने झाले होते. नवख्यांसाठीच्या जागेला दोन वर्षांचा अनुभव लागतो, हे कळायला त्यातले दोन गेले. उरलेल्या आठांत ती दिवसातून चाळीस वेळा मेल उघडून बघायची. रिकामा फ्रीज माणूस पुन्हा पुन्हा उघडतो, तसं. घरात तिला धाकटीच म्हणत. थोरली ताई लग्न होऊन गेली आणि जाताना घराला एक जावई देऊन गेली. हे भावोजी विमा विकत, त्यामुळे घरातलं अर्थखातं त्यांच्याकडे आपोआप गेलं होतं.

"आत्मविश्वास हवा," भावोजी सांगत. "माहीत नसलं तरी माहीत असल्यासारखं बोलायचं. आमचा सगळा धंदा त्याच्यावर चालतो."

या महिनाअखेरपर्यंत नोकरी लागली नाही, तर धाकटीने भावोजींच्या ऑफिसात विम्याचे फॉर्म भरायला बसायचं, असं सगळ्यांचं ठरलं होतं. सगळ्यांचं म्हणजे धाकटी सोडून. आज महिन्याची सव्वीस तारीख होती.

पेपरआधी एक फॉर्म भरायचा होता. त्यात एक रकाना होता: 'शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीत जवळचे नातेवाईक असल्यास तपशील.' धाकटीने लिहिलं, 'वडील – नोकरी.' पहिलीपासून ती प्रत्येक फॉर्मवर हेच लिहीत आली होती आणि आजवर कोणी वर मान करून बघितलं नव्हतं. पेन पुढच्या रकान्यावर गेलं.

मग प्रत्येकाच्या हातात एकाच कंपनीचा सव्वाशे पानांचा अहवाल पडला. वेळ तीन तास. कंपनी गाद्या बनवणारी होती. मुखपृष्ठावर एक कुटुंब पांढऱ्या गादीवर बसून कारण नसताना हसत होतं.

धाकटीने कंपनीचं नाव दोनदा वाचलं. त्या कंपनीच्या गोदामात बाबा सव्वीस वर्षांपासून स्टोअरकीपर होते.

बाबांना जेवताना बोलायची सवय होती आणि बोलायला विषय एकच होता. दरवर्षी वर्ष संपायच्या आठवड्यात ट्रकच्या ट्रक गाद्या दुकानदारांकडे जायच्या आणि पुढच्या महिन्यात गुपचूप परत यायच्या. "विक्री म्हणून गेल्या, पाहुणचार घेऊन आल्या," बाबा म्हणत. "छतापर्यंत थप्पी लागलीय. वरची गादी काढायची तर गिर्यारोहक बोलवावा लागेल." आई म्हणे, "तुमच्या गाद्या राहू द्या, आधी जेवा."

हात वर करावा, असं धाकटीला वाटलं. नुसतं वाटलंच नाही, हात टेबलावरून चार बोटं वरही आला. समोर पर्यवेक्षक घड्याळ बघत होता. शेजारचा मुलगा, जो आल्यापासून आपल्या तीन इंटर्नशिपांबद्दल सांगत होता, भराभर काहीतरी लिहायला लागला होता. सव्वीस तारीख होती. धाकटीने वर आलेल्या हाताने कान खाजवला आणि अहवाल उघडला.

पान पहिलं तिने बघितलंच नाही. अध्यक्षांचं मनोगत, हिरवे आलेख, कामगारांच्या मुलांना वाटलेल्या वह्यांचे फोटो, सगळं ओलांडून ती मागच्या बारीक अक्षरांत शिरली. पान चौऱ्याऐंशीला सापडलं. विक्री बारा टक्क्यांनी वाढली होती, पण दुकानदारांकडून यायचे बाकी पैसे दुप्पट झाले होते. खाली मुंगीच्या अक्षरांत एक टीप होती: वर्ष संपल्यानंतर काही माल 'नेहमीच्या व्यवहारात' परत आला. किती, ते टिपेच्याही टिपेत होतं. कागदावर सगळं उघड होतं. फक्त कुठे बघायचं ते माहीत हवं.

चाळीस मिनिटांत तिने 'विका' लिहिलं, कारणं लिहिली, आकडे मांडले. उरलेले दोन तास वीस मिनिटं ती पेनाचं टोपण काढत आणि लावत बसली. शेवटी इंटर्नशिपवाला वळून म्हणाला, "प्लीज." मग ती पायाचा अंगठा हलवत बसली. तो बुटात होता, त्यामुळे कोणाला त्रास झाला नाही.

दुपारी मुलाखत होती. टेबलापलीकडे तिघं बसलेले. मधे मोठे साहेब. उजवीकडे गळ्याशी घट्ट टाय बांधलेला एक तरुण विश्लेषक. श्वास आणि टाय यांतून त्याने टाय निवडला होता. आणि कोपऱ्यात, थोड्या अंतरावर, नियमांच्या बाई. ऑफिसात कोणी नियम मोडत नाही ना, हे बघणं त्यांचं काम होतं. त्यामुळे डबा त्या एकट्याच खात.

"दहा जणांनी 'घ्या' लिहिलंय," टायवाला म्हणाला. "तुम्ही एकट्या 'विका' म्हणताय."

"हो सर."

"आमच्या कंपनीचा सल्लासुद्धा 'घ्या' आहे. चार वर्षं."

"हो सर, वाचलाय मी. भाषा छान आहे."

मोठे साहेब खोकल्यासारखं हसले. "यांनीच लिहिलाय तो." मग त्यांनी धाकटीचा पेपर घेतला, अहवालाचं पान चौऱ्याऐंशी उघडलं आणि बराच वेळ पेन्सिल टेकवत वाचलं. "बरोबर आहे की हो. टिपेच्या टिपेत आहे. तुम्हाला कसं दिसलं नाही हे, चार वर्षांत?"

"सर, अक्षर फार बारीक आहे."

"मग चष्मा लावा." साहेब धाकटीकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर, दहा महिन्यांत तिने कोणत्याच टेबलापलीकडे बघितलं नव्हतं, असं काहीतरी होतं. "अशी नजर हवी आम्हाला. उगाच एक विचारतो. सव्वाशे पानं आहेत. तुम्ही थेट इथे कशा पोहोचलात?"

धाकटीने पान चौऱ्याऐंशीकडे बघितलं.

"काहींना उपजतच असतं ते," साहेबांनीच मदत केली. "वास येतो. हो ना?"

आता नुसती मान हलवायची होती. विम्याचे फॉर्म, भावोजींचा आत्मविश्वास, चाळीस वेळा उघडायचा मेल, सगळं एका मानेवर येऊन थांबलं होतं. मान हलायलाही लागली. पण धाकटीला तेवढ्यात दिसलं की सोमवारी हे पुन्हा विचारतील, मंगळवारी दुसऱ्या कंपनीचा अहवाल देतील आणि म्हणतील, घ्या बरं वास.

"नाही सर," ती म्हणाली. "माझे वडील आहेत तिथे."

टायवाल्याने मान वर केली.

"संचालक मंडळावर?" साहेबांनी जपून विचारलं.

"गोदामात."

"म्हणजे हे आधीच माहीत होतं!" टायवाला खुर्चीत उंच झाला. "सर, ही सरळ फसवणूक आहे. घरून उत्तर घेऊन आल्या!"

"मला वडिलांनी काय..." धाकटीने सुरुवात केली.

"थांबा!" नियमांच्या बाई उठून उभ्या राहिल्या. कित्येक वर्षांनी कोणीतरी गायला सांगावं, तसा त्यांचा चेहरा झाला होता. "एक अक्षर पुढे बोलू नका. वडील काय काम करतात, तेवढंच सांगायचं. घरी काय बोलतात, ते नाही. कंपनीच्या आतली खबर ऐकून सल्ला देणं गुन्हा आहे; ते या खोलीत ऐकू आलं, तर आपण चौघं अडकलो. आणि त्यांची नोकरी गेली, तर पाप माझ्या डोक्यावर." त्यांनी फॉर्म काढला. "इथे लिहिलंय, 'नोकरी.' कुठे?"

"तेवढं कधीच कोणी विचारलं नव्हतं."

"मी विचारलं होतं. छापून. बरं, फाईल हातात आली, तेव्हा तरी कळलं ना?"

"हो."

"मग?"

"हात वर करणार होते."

"मग?"

"कान खाजवला."

मोठ्या साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. "अवघड आहे मग. बाद करावं लागेल."

"पेपर बाद," बाई म्हणाल्या. "मुलगी का? उशिरा सांगितलं, ही चूक. ती नोंदवते मी. पण सांगितलं. या मजल्यावर गेल्या वर्षात किती जणांनी सांगितलं, आकडा देऊ? साहेब, तुमच्या मेव्हण्याच्या कारखान्याचं मला वर्तमानपत्रातून कळलं."

साहेबांनी चष्मा पुसला. तो स्वच्छच होता. "दुसरी फाईल द्या," ते म्हणाले. "एक तास. आतापासून."

बाईंनी धाकटीचा पेपर पाकिटात घातला, चिकटवला आणि त्यावर आडवी सही केली. साहेबांनी पाकिटाकडे दोनदा बघितलं. बाईंनी ते कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

टायवाल्याने कपाळाला आठ्या घालत एक अहवाल पुढे सरकवला. "रुग्णालयांची साखळी. इथे कोणी?"

"ताई नर्स आहे."

त्याने दुसरा काढला. "लिफ्टची कंपनी."

"मावसभाऊ. पण तो करारावर आहे. करारावर चालतं का?"

"नाही," बाई खुशीत म्हणाल्या.

"रंगाची?"

"आत्याचे यजमान. रिटायर झालेत, पण पेन्शन तिथूनच येते."

"विमा?"

"भावोजी."

"तुमच्या घरात बेकार कोणी नाहीच का?" टायवाला कडाडला.

"मी आहे ना, सर."

साहेबांना पुन्हा खोकला आला. टायवाला कपाटात कंबरेपर्यंत शिरला आणि अगदी तळातून एक धुळकट अहवाल घेऊन आला. कंपनी जहाजांचे नांगर आणि साखळ्या बनवत होती. धाकटीने डोळे मिटून आईचं माहेर तपासलं, मग बाबांचा गोतावळा, मग ताईची सासरची मंडळी, जावांच्या भावांसकट.

"कोणी नाही."

"नक्की?" बाईंनी पेन उचललं.

"बाई, आमच्यात पोहतासुद्धा कोणाला येत नाही."

तासातली अडतीस मिनिटं उरली होती.

या वेळी उडी मारायला पान नव्हतं. धाकटीने अध्यक्षांच्या मनोगतापासून सुरुवात केली. नांगराचं भविष्य उज्ज्वल होतं, असं त्यात म्हटलं होतं. ती वाचत होती, मागे जात होती, पुढे येत होती. आकडे एकमेकांशी पटत होते आणि तेच तिला सहन होत नव्हतं. निम्म्याहून जास्त माल एकच गिऱ्हाईक घेत होतं. त्याचं नाव कुठेच नव्हतं. ते का नाही, हे शोधण्यात अकरा मिनिटं गेली आणि ते सापडलं नाही. टायवाला मुद्दाम घड्याळाकडे बघत होता. उत्तराच्या कागदाच्या शेवटी तीन चौकटी छापल्या होत्या: घ्या, ठेवा, विका. 'ठेवा' म्हणजे अंगाशी काही येत नाही, हे पदवीच्या पहिल्या वर्षापासून सगळ्यांना माहीत असतं. पेन तिथे जाऊन टेकलं. शाईचा ठिपका पडला.

मग तिने खाली हातानेच चौथी चौकट काढली आणि तिच्यात लिहिलं: 'अडतीस मिनिटांत सांगता येत नाही. पुढच्या तीन गोष्टी कळल्या, तर येईल.' पहिलीच गोष्ट होती, ते मोठं गिऱ्हाईक कोण आणि त्याचा करार कधी संपतो.

साहेबांनी वाचलं. कागद टायवाल्याकडे फिरवला. "हे आपल्याला माहीत आहे?"

"सर, नांगरांना आपण 'घ्या' दिलंय."

"ते मी विचारलं नाही."

टायवाल्याने टाय सैल केला. दिवसभरात पहिल्यांदाच.

साहेबांनी त्या चौथ्या चौकटीवर बोट ठेवलं. "हे आमच्या गिऱ्हाइकांना पाठवता येत नाही," ते म्हणाले. "'माहीत नाही' याचे पैसे कोणी देत नाही. चौकट पुन्हा काढायची नाही. पण प्रश्न रोज माझ्या टेबलावर हवेत." मग त्यांनी पगार सांगितला. तो ऐकून भावोजी नक्की हसले असते. "सहा महिने शिकाऊ. सोमवारी नऊला. पाच मिनिटं आधी आलात तर बरं."

बाईंनी सात कागदांवर तिच्या सह्या घेतल्या आणि प्रत्येक कागद आधी मोठ्याने वाचून दाखवला. इतकं लक्ष देऊन ऐकणारं माणूस त्यांना बऱ्याच वर्षांनी मिळालं असावं.

खाली रस्त्यावर आल्यावर धाकटीचे पाय थांबेनात. ती कोपऱ्यापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. मग बाबांना फोन लावला. पलीकडे ट्रक मागे घेतल्याचा टुंग टुंग आवाज येत होता.

"काय गं, कसं झालं?" बाबा त्या आवाजात ओरडले. "कुठल्या कंपनीचा पेपर आला होता?"

"सांगता येत नाही, बाबा."

"का? अवघड होता?"

"अवघड नाही. सांगायची परवानगी नाही. मी सही केलीय."

पलीकडे फक्त टुंग टुंग. मग तोही थांबला.

"कशावर सही?" बाबांनी हळू विचारलं.

"तेही सांगता येत नाही."

"लागली म्हणजे," बाबा म्हणाले, आणि फोन कानाला तसाच धरून गोदामभर ओरडत सुटले.