होसियाची निळी फरशी

मित्रांनो, मी एक जुना पोहण्याचा तलाव आहे. अलाबामातल्या एका लहान गावात, पेकानच्या झाडांपाशी माझा मुक्काम. पण आयुष्याची कितीतरी वर्षं मी पाण्यावाचून, मातीखाली काढली. तलावाच्या नशिबी असं का यावं, तेच आज सांगतो.

मला घडवलं होसियानं. तो काळा गवंडी होता. गुडघे टेकून एकेक फरशी बसवायचा, तिच्यावरून तळहात फिरवायचा आणि गुणगुणायचा,

निळी बाई फरशी, नीट निजून राहा,
माझं लेकरू येईल, त्याची वाट पाहा.

तसे हात मी पुन्हा पाहिले नाहीत. पण माझ्यात पाणी भरलं त्याच दिवशी फाटकावर पाटी लागली : फक्त गोऱ्यांसाठी. होसियाच्या घरातूनही माझ्यासाठी कर जात होता, तरी त्याची लेक अर्लीन आणि धाकटा लूशियस जाळीला नाक लावून बाहेरच उभी. ऊन सोसेना झालं की काळी मुलं नदीवर जात. एका दुपारी लूशियस नदीवरून परत आला नाही.

पुढे कायदा आला, सर्वांना आत घ्या म्हणून. गावच्या कारभाऱ्यांनी मला बुजवूनच टाकलं! सगळ्यांनी मिळून पोहण्यापेक्षा कुणीच न पोहलेलं त्यांना बरं वाटलं. कामाला बोलावलं तेही होसियालाच. आधी तळ फोड, मग माती लोट, असा हुकूम. होसियानं घण घेतला आणि मुकादमाला आवाज जावा म्हणून नुसत्या काठाच्या पायरीवर घातला. तळावर त्यानं पेंढा अंथरला, वर वाळू पसरली, लेकराला पांघरूण घालावं तशी. तेच गाणं गुणगुणत. मग अंधार झाला.

वर गवत उगवलं. होसिया गेला. अर्लीनचे केस पिकले. दर उन्हाळ्यात तिचं सारं कुळ माझ्याच उरावर जेवणाला जमे. गेल्या वर्षी नगरसभेनं जुन्या अन्यायाची भरपाई म्हणून काही रक्कम बाजूला काढली, आणि ती कशी वापरावी यावरून घराघरात वाद पेटला. अर्लीनच्या एका चुलतभावाची लेक, तिची भाची डेल्फीन, पोहायला शिकवते. त्या उन्हाळ्यातल्या जेवणाला आत्या-भाचीची चांगलीच जुंपली.

"घराघराला भरपाई द्या," अर्लीन म्हणाली. "आमचं घेतलं, आमच्या हातात परत करा. साधी गोष्ट आहे."

"आणि पैसे संपले की? आत्या, ते म्हणतील, हिशेब मिटला, आता तोंड उघडू नका! त्यापेक्षा गावाबाहेरच्या नव्या तलावात आपल्या पोरांना जागा राखून मागू. जीवरक्षकाच्या नोकऱ्या मागू. पोहायला आलं की ते कुणी काढून नाही घेत."

"जागा राखणार ते, आणि उद्या नवा महापौर आला की जुनी पाटी पुन्हा लावणारही तेच! पोरी, त्यांच्या दारात उभं राहायला मी लहानपणीच शिकलेय."

"आपली पोरं अजून त्याच नदीवर जातात, आत्या."

जाळावर डुकराच्या बरगड्या भाजणारा चुलतभाऊ क्लेमंट म्हणाला, "चालू द्या तुमचं. निकाल लागेपर्यंत मी एकटाच हे संपवतो."

"तुला पोहणं नको, भरपाई नको, तुला नुसतं खायला पाहिजे!" अर्लीन फणकारली. सगळे हसले. ती मात्र गवतावर तळहात फिरवत राहिली. अगदी होसियासारखा.

रक्कम कशी वापरायची ते ठरवायला नगरसभेची बैठक याच गवतावर भरली. अर्लीन काठी टेकत उठली. "माझ्या बापानं बांधलेला तलाव तुमच्या पायाखाली आहे. भरपाईची सुरुवात इथून करा. हा उकरा आणि ज्यांनी बांधला, कर भरला आणि तरी जे बाहेर राहिले, त्यांच्या घरांच्या नावावर करा. पोरांना शिकवायचं कसं, ते माझी भाची बघेल."

"बाई, त्याचा तळ केव्हाच फोडलाय," अध्यक्ष म्हणाले.

"बाबा जाताना म्हणाले, फोडला नाही. खणून बघा."

खणलं. वाळू सरली, कुजका पेंढा निघाला आणि माझ्यावर ऊन पडलं. निळी फरशी सलग होती, एक तडा नाही. डेल्फीन खाली उतरून गुडघ्यांवर बसली.

"आत्या, इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"विचारलं कोणी? आणि सांगितलं असतं, तर घण घेऊन पुन्हा आले असते."

आज मी त्या घरांच्या मालकीचा आहे. दार सर्वांना उघडं आहे. गोरी मुलंही येतात. घरोघरीच्या भरपाईचा वाद अजून चालूच आहे, आणि माझ्या काठावरच चालतो.

पहिल्या दिवशी सर्वांत आधी पाण्यात उतरली अर्लीन. जन्मात कधी पोहली नव्हती. डेल्फीननं पाठीखाली हात धरला.

"अंग सैल सोड, आत्या."

"अंग सोडते. भरपाईचं सोडलेलं नाही, ध्यानात ठेव."

"ठेवलंय. आता श्वास घे."

मित्रांनो, तुमच्याही गावात तलाव असेल, बाग असेल. तिथे खेळताना ती जागा कुणाच्या हातांनी घडवली हे विचारा, आणि फाटकाबाहेर कुणी उभं तर नाही ना, तेही बघा. जपणं म्हणतात ते एवढंच. त्या पहिल्या दिवशी डेल्फीननं हळूच हात काढून घेतला. अर्लीन तरंगत राहिली. डोळे मिटून ती बापाचं गाणं गुणगुणत होती, आणि तिची वाट पाहून दमलेल्या मी तिला अलगद पेलून धरलं.