एकोणतिसावा चांद

“त्या लमाणाला काय इचारता भटजी? त्याला बैलाचं शिंग दिसलं तरी चांद वाटतो,” बद्रुद्दीन म्हणाला आणि खजुराची बी धोंड्यामागे थुंकला.

सूर्य नुकताच बुडाला होता. एकोणीसशे पस्तीस सालच्या रमजानचा एकोणतिसावा रोजा सुटला होता, आणि हिंगोलीबाहेर, जुन्या छावणीच्या माळावर तीन माणसं एकमेकांपासून चार-चार हात अंतर राखून बसली होती. अंतर यज्ञेश्वर जोशाच्या सोवळ्यासाठी होतं, पण ते तिघांनाही सोयीचं होतं.

बद्रुद्दीन कचेरीत नकला उतरवणारा मुन्शी. तीस वर्षं तो तेच करत होता, पण कुणी विचारलं तर तसं सांगत नसे. तरुणपणी दोन वर्षं हैदराबादेत एका मौलवीसाहेबांच्या पायाशी बसून तो आकाशाचं गणित शिकला होता. ते गणित हिंगोलीत दुसऱ्या कुणाला येत नव्हतं, आणि त्यासाठी हिंगोलीला माफ करायला तो तयार नव्हता. कचेरीतले कारकून जाहिल, निव्वळ अडाणी; हळदीचे अडते जाहिल, आणि मशिदीत पहिल्या रांगेत बसणारे तर सगळ्यांत जाहिल. तरीही चांद दिसला की नाही, हे काझीसाहेब त्यालाच विचारत. धर्माला दोन साक्षी लागत. दुसरा साक्षीदार चाँद पाशा अत्तरवाला. मुन्शीजींना दिसला म्हणजे आपल्यालाही दिसला, असं मानणारा तो सज्जन गृहस्थ होता. आज तो तापाने अंथरुणाला खिळला होता.

यज्ञेश्वर जोशी मूळचा पुसेगावचा. हिंगोलीत पंचांग सांगून राहायचा. वीस वर्षांपूर्वी इनामाच्या कागदाची नक्कल मागायला तो कचेरीत आला, आणि बद्रुद्दीनच्या मेजावर चंद्राच्या अठ्ठावीस मंजिलांचा तक्ता पाहून कुत्सितपणे हसला. “ही आमची नक्षत्रं. नावं तेवढी बदललीत,” तो म्हणाला. “सुरय्या म्हणे. अहो, ह्या कृत्तिका.”

“तुमीच आमच्याकडून उचलल्या असतील,” बद्रुद्दीनने त्याला सुनावलं आणि त्या दिवशी नक्कल दिली नाही.

तेव्हापासून दोघं भांडत होते. दबरान म्हणजे रोहिणी, हे दोघांना मान्य होतं. कुणी कुणाची चोरली, हे नव्हतं. पण भांडायला तरी दुसरं कोण होतं? बाकीच्या हिंगोलीला कृत्तिका आणि कोथिंबीर सारखीच.

आणि हा लमाण, थावरा. नरसीकडच्या तांड्यावरून अंबाडीचे दोर विकायला यायचा आणि बैल माळावर बांधायचा. त्याच्या बापजाद्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखच्या मुलूख तुडवले होते, चांदण्या बघून वाट काढली होती. पुढे आगगाडीने तो धंदा गिळला. तीन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी हे दोघं सप्तर्षींवरून हातघाईला आले होते. जोशी म्हणत होता, सात ऋषी. बद्रुद्दीन म्हणत होता, ऋषी कुठले, अरबांनी त्याला जनाजा म्हटलंय. चार तारे म्हणजे जनाजा, आणि मागून रडत चाललेल्या तीन मुली.

“खाटलं हाय ते,” थावरा मागून म्हणाला होता. “म्हातारीचं खाटलं. मागं तीन चोर.”

दोघं पहिल्यांदाच एका बाजूला झाले आणि लमाण किती अडाणी असतो, हे त्यांनी त्याला समजावून सांगितलं. थावराने ऐकून घेतलं आणि विडी पेटवली. पण घरी जाताना बद्रुद्दीनच्या मनात आलं की जनाजा म्हणजे तरी काय, खाटच. कुठे अरबस्तान आणि कुठे नरसीचा तांडा. मग त्याने तो विचार झटकला. तांड्याशी नातं सांगणारा विचार त्याला परवडणारा नव्हता.

आज तोच थावरा दोर वळता वळता म्हणाला होता, “चंद्र हाय की तिथं.”

“आज चांद न्हाई,” बद्रुद्दीन म्हणाला. “अमावास्या सरून अठराच तास झालेत. बावीस तासांच्या आतला चांद माणसाच्या डोळ्याला दिसत न्हाई, असा कायदा हाय. मी दुपारच्या नमाजीलाच समद्यांना सांगून टाकलं, उद्या तिसावा रोजा.”

“आणि प्रतिपदा अजून सरायची आहे,” जोशाने दुजोरा दिला. “चंद्रदर्शन उद्या. आमच्यातही तेच.”

“तुमी दोघं खाली कागदात बघता अन् वर काय हाय ते सांगता,” थावरा म्हणाला. त्याने दोर खाली ठेवला नाही. “म्या तं तिथंच बघून राहिलो.”

त्याच्या बोलण्यातली तुच्छता जोशाला झोंबली. लमाणाला खोटं पाडायलाच तो उठला, कपाळाशी हात धरून पश्चिमेकडे बघू लागला. डोळे बारीक केले. मग खाली बसला.

“दिसला,” तो म्हणाला.

“काय दिसला?”

“चंद्र. त्या बाभळीच्या डाव्या अंगाला. नखाच्या कोरीएवढा आहे.”

बद्रुद्दीन उभा राहिला. समोर लालसर, गढूळ उजेड होता, दुधात हळद कालवावी तसा. त्यात चांद नव्हता. बाभळही नव्हती. तीन वर्षांपासून दोन्ही डोळ्यांत ते दूध उतरत होतं. कागद नाकाशी धरला की अक्षरं लागत, म्हणून कचेरीत निभत होतं. घरात फक्त बायकोला, खतीजाबीला, माहीत होतं; जेवताना ती त्याचा हात ताटाच्या काठाला लावून द्यायची. तीन वर्षं गणितात चांद निघाला की तो मशिदीत जाऊन ‘दिसला’ म्हणायचा. गणित चुकलं नव्हतं, आणि चाँद पाशाला दिसतच होतं.

थावरा उठला, चार हातांचं अंतर मोडून जवळ आला आणि त्याच्या डोळ्यांत वाकून बघितलं. बैलबाजारात म्हाताऱ्या जनावराचं तोंड उघडून दात बघावेत तसं.

“मुन्शीजी,” तो म्हणाला, “तुमाला तं बाभळच दिसत न्हाई.”

बद्रुद्दीनने त्याच्याकडे पाठ फिरवली. जोशाकडे वळून म्हणाला, “भटजी, कसम खाऊन सांगा. चांद हाय?”

“तुमच्यासाठी मी कशाला शपथ घेऊ?” जोशी चिडला. “माझं पंचांग चुकलं, हे मी माझ्या तोंडानं सांगून राहिलोय. एका लमाणासमोर. अजून काय पाहिजे तुम्हाला?”

हे खरं होतं. हा माणूस त्याला खूश करायला कधी काही बोलला नव्हता. वीस वर्षांत त्याच्या तोंडून एक गोड शब्द निघाला नव्हता, म्हणून तर त्याच्या शब्दावर विसंबता येत होतं.

म्हणजे उद्या ईद. ईदच्या दिवशी रोजा धरणं हराम, आणि बद्रुद्दीनच्या सांगण्यावरून सगळं गाव उद्या रोजा धरून बसणार. गावातून पश्चिम दिसत नव्हती. कयाधू नदीच्या काठची झाडं आणि चुलींचा धूर आड यायचा. हैदराबादेहून तार येईल तेव्हा येईल. भटाची आणि लमाणाची साक्ष काझीसाहेबांपुढे चालणार नव्हती.

एक वाट सोपी होती. नेहमीसारखं जायचं आणि ‘मला दिसला’ म्हणायचं. चाँद पाशाने अंथरुणातूनही मान डोलावली असती. चांद तर होताच. ईद वेळेवर झाली असती, कुणाचं काही बिघडलं नसतं. खोटं फक्त या दोघांना कळलं असतं, आणि या दोघांना विचारणार कोण? पण हिंगोलीत त्याला कुणाच्या मताची पर्वा असेल तर ती याच दोघांच्या, हे त्याला त्या माळावर उभं असताना कळलं, आणि त्याचा त्याला भयंकर राग आला.

“थावरा,” तो म्हणाला, “खाली पहिलंच घर इनायत पिंजाऱ्याचं हाय. त्याला आण. त्याचा मेव्हणा असंल तर त्यालाबी. पळत जा.”

“म्या काय तुमचा चपराशी हाय?” थावरा म्हणाला. तोवर तो उतरणीला लागलाही होता.

इनायत आला तो घास चावतच. कापूस पिंजून पिंजून त्याच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झालेल्या. गावातल्या सगळ्या जाहिलांमध्ये बद्रुद्दीनने त्याला वरचा नंबर दिला होता. त्याने पश्चिमेकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, “वो क्या. बारीक है.” मेव्हण्यालाही दिसला. दोघांना एवढ्यासाठी पळवत का आणलं, हे दोघांनाही कळलं नाही.

मशिदीत काझीसाहेबांनी भुवया चढवल्या. “मुन्शीजी, तुमे तो दोपहर कू बोले थे आज चांद नै.”

“गलत बोला था. इनायत देखा, उसका मेव्हणा देखा. उनकी गवाही लेव.”

“और तुमे?”

“मैं नै देखा,” बद्रुद्दीन म्हणाला. “तीन साल से मैं कोई चांद नै देखा. आंखां गयीं.”

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. काझीसाहेबांनी इनायतची साक्ष घेतली, मेव्हण्याची घेतली, आणि त्यानंतर बद्रुद्दीनकडे पाहिलं नाही.

ईद झाली. लोकांनी बद्रुद्दीनला गळाभेट दिली ती खांद्याला खांदा लागेल न लागेल अशी. पोरंसोरं त्याला ‘हिसाबी चांद’ म्हणू लागली. ज्यांना दोनाचा पाढा येत नव्हता ते त्याच्या गणितात चुका काढू लागले. खतीजाबीने केलेला शीरखुर्मा पातेल्यात तसाच राहिला. शेजारच्या वाट्या आल्या नाहीत.

“अच्छा हुआ,” ती म्हणाली. “अब सबके सामने टटोल के खाव.”

दुपारी जोशी ओट्याखाली येऊन उभा राहिला. आत येणं, काही घेणं, हा प्रश्नच नव्हता.

“ते तुमचे बावीस तास कुणी काढले?” त्याने विचारलं.

“मौलवीसाहेबांनी. हैदराबादेत.”

“मूर्ख होते.”

“अन् तुमचं पंचांग ज्यानं केलं तो?”

“तोही,” जोशी म्हणाला आणि छत्री टेकवून बराच वेळ तिथेच उभा राहिला.

बातमी कचेरीतही पोचली. आंधळा नक्कलनवीस म्हणून साहेब पोट धरून हसले म्हणतात, आणि महिन्याभरात बद्रुद्दीनला घरी बसवण्यात आलं. तीस वर्षांच्या नकलांबद्दल कुणी एक शब्द काढला नाही. तो बाजेवर बसून असायचा. आता गाव त्याला दिसत नव्हतं, तरी गावाला जाहिल म्हणणं त्याने सोडलं नव्हतं. फक्त ऐकायला खतीजाबी एकटी उरली होती.

दोन महिन्यांनी बकरीदचा चांद आला. दिवस मावळतीला थावरा दारात येऊन उभा राहिला.

“चला मुन्शीजी. तुमची मंडळी माळावर जमून राहिली. दहा-पंधरा जण हायेत. कुणी इकडं बघतंय, कुणी तिकडं. मेंढरं बरी.”

“मला काय दिसणार हाय?”

“बघायचं काम त्यायचं. कुठं बघायचं ते तुमी सांगा. म्या सांगितलं तं ऐकंना कुणी. लमाणाचं कोण ऐकतंय?”

“आंधळ्याचं बी कोण ऐकतंय?”

“मंग बसा,” थावरा म्हणाला. पण तो हलला नाही.

खतीजाबीने शेरवानी आणून त्याच्या अंगात चढवली. थावराने आपल्या काठीचं एक टोक त्याला धरायला दिलं, आणि दोघं पुढे-मागे माळ चढले. जमलेल्यांपैकी कुणी सलाम केला नाही. इनायत तेवढा म्हणाला, “आव मुन्शीजी.” लांबून जोशी खाकरला.

“गणित केलंय?” त्याने विचारलं.

“तोंडी केलंय.”

“सांगा मग. बघू, आज कोण मूर्ख ठरतो.”

“सूर्य कुठं बुडाला, तिकडं माझं तोंड कर,” बद्रुद्दीन थावराला म्हणाला. थावराने त्याला दोन्ही खांदे धरून वळवलं, जुवाखाली बैल लावावा तसं. बद्रुद्दीनने हात पुढे केला आणि हळूहळू वर नेऊन थांबवला.

“इथं,” तो म्हणाला. “बारीक असंल. घाई करू नका.”

पिंजारी, अत्तरवाला, कसाई, सगळे त्या हाताच्या रोखाने बघत राहिले. मग इनायत म्हणाला, “है. है वहां.” मग दुसऱ्याला दिसला, मग सगळ्यांनाच. लोक मशिदीत साक्ष द्यायला उतरणीवरून धावत सुटले. पावलांचा आवाज, हसणं, एकमेकांना मुबारक म्हणणं खाली खाली गेलं. मुन्शीजींना मुबारक म्हणायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. जोशी संध्येला निघून गेला.

थावरा बैल सोडायला वळला आणि थांबला. बद्रुद्दीनचा हात अजून तसाच होता. थकलेल्या कोपराला त्याने दुसऱ्या हाताचा आधार दिला होता. हात तसाच होता म्हणावं तर तसाही नव्हता. तो दिसेल न दिसेल असा खाली येत होता. थावराने चांदाकडे बघितलं, मग हाताकडे, मग पुन्हा चांदाकडे.

अर्ध्या घटकेने चांद क्षितिजाला टेकला आणि बुडाला. तेव्हा हात जमिनीशी बरोबर आडवा झाला होता. बद्रुद्दीनने तो खाली घेतला आणि शेरवानीच्या खिशात घातला.

थावराने त्याच्या दुसऱ्या हातात काठीचं टोक दिलं.