न धुतलेला डाख

स्टीलला कथलाचा डाख द्यायचा म्हणजे रुसलेल्या जावयाची मनधरणी, असं बाबा म्हणायचे. तांबं-पितळ घरचंच, जरा ऊब लागली की वितळलेलं कथील जवळ करतं. स्टीलच्या अंगावर मात्र डोळ्यांना न दिसणारा पापुद्रा असतो. तो घासून काढायचा, घासल्याबरोबर, तो पुन्हा धरू नये म्हणून, जहाल आम्लाचा फ्लक्स लावायचा आणि आच सबुरीनं द्यायची, कारण स्टील उष्णता पुढे जाऊ देत नाही, एकाच जागी धरून बसतं. घाई झाली की फ्लक्स करपतो आणि डाख नुसता वर बसतो. दिसायला देखणा, पण धरलेला नसतो.

लेकीला हे सगळं त्यांनीच शिकवलं होतं. त्यामुळे शाळेच्या प्रयोगशाळेतलं पाणी तापवायचं पात्र दुरुस्त करून बाबा दुपारी दुकानामागच्या खोलीत पडायला गेले, तेव्हा त्याच्या पितळी तोटीभोवतीची काळपट तपकिरी कड पाहताच फ्लक्स करपलाय, हे तिनं ओळखलं. तिनं तोटी दोन बोटांनी पिळली. तोटी हातात आली.

बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, हे दोघांनाही ठाऊक होतं. पण तो विषय निघाला की ते म्हणायचे, "माझे हात बघतात." त्यांना उठवून तोटी दाखवायचं तिच्या जिवावर आलं. तिनं मुकाट्यानं सगळं पुन्हा केलं. घासलं, फ्लक्स लावला, दोन्ही भागांवर आधी कथलाचा पातळ थर दिला, मग सावकाश जोडलं. डाख पाण्यासारखा आत ओढला गेला. आता राहिलं होतं ते गरम पाण्यात सोडा घालून धुणं, कारण उरलेलं आम्ल स्टीलला आतून खातं. पण नळ आतल्या खोलीत, बाबांच्या उशाशी. तिनं ओल्या फडक्यानं पुसलं, पुन्हा पुसलं आणि एवढं पुरे, असं स्वतःला बजावलं.

एवढं पुरे नसतं, हे तिला ठाऊक होतं.

काही आठवड्यांनी प्रयोगशाळेच्या बाई पात्र घेऊन परत आल्या. तोटी पक्की होती. तिच्याभोवती मात्र टाचणीनं टोचल्यासारखी तांबूस भोकं पडली होती आणि त्यांतून पाणी पाझरत होतं.

"काका, नवं घेतलं असतं तर बरं झालं असतं की हो," बाई हसत म्हणाल्या. "मुलं म्हणतात, पात्राला देवी आल्या."

बाबांनी भोकांवरून अंगठा फिरवला. ते हसले नाहीत.

"धुवायचं राहिलं माझ्याकडून," ते म्हणाले. मग मागे हात नेऊन ॲप्रनची गाठ सोडू लागले. "डोळे गेले तरी मी निभावून नेत होतो, बाई. पण धुवायचं विसरलो म्हणजे डोकंच गेलं माझं. आता पुरे."

लेक मागेच उभी होती. गप्प राहिलं तर ते आयुष्यभर स्वतःला विसरभोळे समजणार होते. बोललं तर त्यांचा डाख धरला नव्हता, हे त्यांना कळणार होतं, तेही परक्या माणसासमोर.

"बाबा, तुम्ही नाही विसरलात. मी नाही धुतलं."

"तू कशाला धुशील? काम माझं होतं."

"तुमची तोटी सुटून आली होती. मी परत लावली."

गाठीवरचे हात थांबले.

"कशानं सुटली?"

"फ्लक्स करपला होता."

"काळा झाला होता?"

"हो."

"मला पांढराच दिसला," ते हळूच म्हणाले. "आणि मला उठवलं का नाहीस?"

तिच्याकडे उत्तर होतं. त्यांना वाईट वाटू नये म्हणून, हे उत्तर. पण आता ते तोंडातून काढायचीही तिला लाज वाटली.

"अहो काका, होतं असं," बाई मध्ये पडल्या. "मायेपोटी केलं पोरीनं."

"माया करायची तर नळ सोडायचा होता. मी जागा झालो असतो, एवढंच ना?" बाबा म्हणाले. मग फळीकडे वळले. गिऱ्हाइकं न्यायला येणार होती ती दुरुस्त भांडी तिथे पुसून मांडलेली होती. त्यांनी एक किटली उचलली आणि तिच्या डाखावर अंगठा टेकवला.

"हा माझा?"

तिनं नकारार्थी मान हलवली. त्यांना ते दिसणार नाही, हे लक्षात आल्यावर म्हणाली, "नाही."

"धुतलाय?"

"नाही."

त्यांनी किटली काखोटीला मारली. मग एक डबा उचलला.

"हा?"

"नाही, बाबा."

तिसऱ्या भांड्याचं त्यांनी विचारलंच नाही. सगळी कवेत घेऊन, पायानं उंबरठा चाचपत ते आत गेले. नळ सुटल्याचा आवाज आला.

"सोडा आण," आतून हाक आली. "आणि बाईंना सांग, त्यांचं पात्र आता तूच करून देशील."